पोलिसांविरुद्धची तक्रार पोलिसांच्याच हातात देऊ नका

महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेच्या सन्माननीय सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

गृहखात्याच्या अनुदानाच्या मागण्या दरवर्षी आपल्यासमोर येतात. नवी ठाणी, गाड्या, भरती, पोलिसांची घरे यांवर आपण बोलता आणि ते बोलायलाच हवे. पण पोलिसाने एखाद्याला नोंद न करता डांबून ठेवले, मारले, पैसे उकळले किंवा कोठडीत कुणाचा जीव गेला, तर त्याची चौकशी नेमकी कोण करतो, हा विषय सभागृहात निघतो तो बहुतेक वेळा एखादा मृत्यू गाजल्यावरच. मग निवेदन होते, निलंबन होते, समिती नेमली जाते. चौकशीची पद्धत मात्र जागची हलत नाही. हे पत्र त्या पद्धतीबद्दल आहे.

मी तालुका आणि जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते. माझ्या अशिलांत आरोपी आहेत, फिर्यादी आहेत आणि खात्यांतर्गत चौकशीत अडकलेले पोलीस शिपाईही आहेत. पोलिसांविषयी माझ्या मनात आकस नाही. रात्री दोन वाजता अपघाताच्या जागी सगळ्यात आधी पोहोचणारा माणूस पोलीसच असतो, हे मी विसरत नाही. म्हणूनच खाकीतल्या माणसाने केलेला अत्याचार मला दुप्पट लागतो.

आधी कायद्याचे सांगते. उत्तर प्रदेश आणि आसामचे पोलीस महासंचालक राहिलेले, सीमा सुरक्षा दलाचे प्रमुख म्हणून काम केलेले प्रकाश सिंह निवृत्तीनंतर, १९९६ मध्ये, पोलीस सुधारणांसाठी सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल लागायला दहा वर्षे गेली. २२ सप्टेंबर २००६ रोजी न्यायालयाने केंद्राला आणि राज्यांना सात निर्देश दिले. महासंचालकांची निवड आणि त्यांचा कार्यकाळ, बदल्यांसाठी आस्थापना मंडळ, तपास आणि बंदोबस्त यांची फारकत असे ते निर्देश होते. त्यांतला सहावा होता पोलीस तक्रार प्राधिकरणाचा. प्रत्येक जिल्ह्यात निवृत्त जिल्हा न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण असावे आणि त्याने उपअधीक्षक दर्जापर्यंतच्या तक्रारी पाहाव्यात. राज्यपातळीवर उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली दुसरे असावे आणि त्याने अधीक्षक व त्याहून वरच्या अधिकाऱ्यांच्या तक्रारी पाहाव्यात. राज्य प्राधिकरणाच्या अध्यक्षाचे नाव मुख्य न्यायमूर्तींनी दिलेल्या यादीतून घ्यावे. शिफारस बंधनकारक असावी. आणखी एक वाक्य त्या निकालात आहे, जे आपण सगळ्यांनी नजरेआड केले: प्राधिकरणाला प्रत्यक्ष जागेवर जाऊन चौकशी करायला स्वतःची माणसे लागतील, आणि त्यासाठी सीआयडी, गुप्तवार्ता, दक्षता अशा विभागांतले निवृत्त तपासी अधिकारी घेता येतील.

महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून प्राधिकरण कायद्यात आणले. ते आणले हे चांगले झाले. पण आणताना जिल्हा प्राधिकरण गळले आणि त्याच्या जागी महसूल विभागाच्या पातळीवरचे प्राधिकरण आले. म्हणजे छत्तीस जिल्ह्यांना सहा. सिरोंच्याच्या माणसाने नागपूर गाठायचे आणि धडगावच्या माणसाने नाशिक. या माणसाचा रोज बुडतो, सोबत कुणाला तरी न्यावे लागते, आणि तारीख पुढे ढकलली गेली तर पुन्हा तेच. शिफारस सरकारकडे जाते आणि पुढे काय करायचे ते सरकार ठरवते. शिवाय ज्या ठाण्याविरुद्ध तक्रार आहे, त्या ठाण्याच्या वरिष्ठांच्या अहवालाशिवाय प्राधिकरणाचे पान हलत नाही, कारण गावात जाऊन चार माणसांना विचारायला त्याच्याकडे स्वतःचे तपासनीस पुरेसे नाहीत.

प्राधिकरणापर्यंत पोहोचण्याआधी तक्रारीचे काय होते ते जरा जवळून बघा. एका बाईचा मुलगा चोरीच्या संशयावरून उचलला गेला. स्टेशन डायरीत नोंद नाही, अटक दाखवलेली नाही. तिसऱ्या दिवशी तो घरी आला तेव्हा त्याला तळपाय जमिनीला टेकवता येत नव्हते. आईने पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवला, पोचपावती जपून ठेवली. अधीक्षक कार्यालयातून अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडे आला, ‘चौकशी करून अहवाल सादर करावा’ अशा शेऱ्यासह. तिथून तो त्याच ठाण्याच्या निरीक्षकांकडे आला, तोच शेरा घेऊन. मग ठाण्यातला हवालदार तिच्या दारात उभा राहिला: ‘मावशी, साहेबांनी बोलावलंय, अर्जाच्या चौकशीला.’

ती गेली. ज्या खोलीत मुलाला मारले, त्या खोलीसमोरच्या बाकावर तिला दिवसभर बसवून ठेवले. साहेब बंदोबस्तावर होते. संध्याकाळी संगणकावर टाइप केलेला कागद तिच्यासमोर आला. तो मी नंतर वाचला. ‘माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही. सदरचा अर्ज मी गैरसमजातून दिला होता. तरी माझा अर्ज दप्तरी दाखल करण्यात यावा. हा जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.’ खाली तिचा अंगठा. ती माझ्याकडे आली तेव्हा तिला माहीतही नव्हते की तिने तक्रार मागे घेतली आहे. तिला वाटत होते की आता चौकशी सुरू झाली.

हे एकाच ठाण्याचे नाही म्हणून ठाण्याचे नाव लिहीत नाही. अशा जबाबांची भाषा माझ्यासारख्या कुठल्याही वकिलाला तोंडपाठ आहे. जिल्हा बदलतो, मजकूर बदलत नाही.

यात कुणी कायदा मोडला असे कागदावर दिसत नाही, हे मला सर्वांत भयंकर वाटते. अर्ज आला, चौकशी झाली, जबाब झाला, अहवाल गेला. ज्याच्यावर आरोप आहे त्यालाच साक्षीदार गाठायला, पुरावा हाताळायला आणि निष्कर्ष लिहायला बसवले, हे त्या कागदांत कुठेच उमटत नाही. पुढे ती बाई विभागीय प्राधिकरणाकडे गेली, तर तिच्या तक्रारीवर पहिले उत्तर म्हणून हाच जबाब जोडून येणार.

आता अटक दाखवलेल्या माणसाकडे वळू. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालापासून अटकेचा पंचनामा, नातेवाइकाला खबर, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी हे सगळे बंधनकारक आहे. कागदावर ते पाळलेही जाते. ग्रामीण रुग्णालयात ‘मेडिकल’ला आणलेल्या आरोपीला डॉक्टर विचारतात, ‘काही त्रास?’ आणि त्या वेळी त्याच्या हातातल्या बेडीचे दुसरे टोक धरून शिपाई शेजारी उभा असतो. न्यायाधीशांसमोर रिमांडला उभे केल्यावर तोच प्रश्न येतो: ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ ज्याला पुढचे चार दिवस पुन्हा त्याच कोठडीत काढायचे आहेत, तो ‘नाही’ म्हणतो. ते ‘नाही’ न्यायालयाच्या रोजनाम्यात जाते आणि पुढे आयुष्यभर त्याच्याविरुद्ध वापरले जाते.

परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये काय झाले ते आपल्याला आठवत असेल. संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, शहरात हिंसाचार झाला, धरपकड झाली. त्यात अटक झालेला, कायद्याचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. आपले हिवाळी अधिवेशन दुसऱ्याच दिवशी नागपुरात सुरू झाले. सभागृहात सरकारतर्फे सांगितले गेले की त्याने दंडाधिकाऱ्यांसमोर मारहाणीची तक्रार केली नव्हती आणि चित्रीकरणातही मारहाण दिसत नाही. शवविच्छेदनात मात्र अनेक जखमा आणि त्यातून बसलेला धक्का असे मृत्यूचे कारण नोंदले गेले होते. त्याच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जावे लागले. जुलै २०२५ मध्ये खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथे सरकारची याचिका फेटाळली गेली. एक साधा एफआयआर नोंदवून घेण्यासाठी एका आईला सात महिने आणि दोन न्यायालये लागली. तिच्यामागे नामवंत वकील उभे राहिले म्हणून निदान इतक्यावर भागले. माझ्या त्या अर्जदार बाईच्या मागे कुणी नाही.

कोठडीतल्या मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी व्हायलाच हवी, अशी दुरुस्ती दंड प्रक्रिया संहितेत २००६ पासून लागू झाली आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. पण दंडाधिकाऱ्यांचा अहवाल आल्यावर पुढे कुणी, किती दिवसांत, काय करायचे हे त्या कलमात स्पष्ट नाही. अहवाल येतो आणि थांबतो. परभणीच्या प्रकरणात हा मुद्दा न्यायालयापुढे मांडावा लागला.

आणखी दोन प्रकरणे एकत्र वाचावीत अशी माझी विनंती आहे. ख्वाजा युनूस हा परभणीचा सॉफ्टवेअर अभियंता. घाटकोपरच्या डिसेंबर २००२ मधल्या बॉम्बस्फोटाच्या तपासात पकडला गेला आणि जानेवारी २००३ मध्ये पोलीस ताब्यातून नाहीसा झाला. पोलिसांनी सांगितले, औरंगाबादला नेताना जीपला अपघात झाला आणि तो पळाला. सीआयडीच्या तपासात ही कहाणी खोटी ठरली. त्याचा मृतदेह आजतागायत मिळालेला नाही. सांगलीत नोव्हेंबर २०१७ मध्ये अनिकेत कोथळेचा ठाण्यात मृत्यू झाला. पोलिसांनी सांगितले तो पळून गेला, आणि प्रत्यक्षात त्याचा मृतदेह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळला गेला होता. दोन घटनांत जवळपास पंधरा वर्षांचे अंतर आहे. पोलीस वेगळे, शहर वेगळे, आणि तरीही दोन्हीकडे सुचली ती गोष्ट एकच. ती सुचते, कारण डायरी त्यांच्याच हातात असते, ‘पळाला’ म्हणून शोध घेणारेही तेच असतात, आणि नातेवाइकांना ‘अजून सापडला नाही’ हे सांगणारेही तेच.

ख्वाजा युनूस प्रकरणात सीआयडीने चौदा पोलिसांवर ठपका ठेवला होता. खटला चालवण्याची परवानगी सरकारने दिली ती चौघांविरुद्ध. त्या चौघांना जून २०२० मध्ये पुन्हा सेवेत घेतले गेले, खटला संपलेला नसताना. सत्तेवर कोण होते हे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण २००३ पासून या राज्यात आपल्यातला जवळपास प्रत्येक पक्ष सत्तेत बसून गेला आहे.

आणि आता एक कलम, ज्याची सभागृहात चर्चा झालेली मी कधी ऐकलेली नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम १६१. कर्तव्याच्या नावाखाली किंवा कर्तव्याची मर्यादा ओलांडून केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावर खटला किंवा दावा लावायचा असेल तर तो सहा महिन्यांच्या आत लावायला हवा, नाहीतर तो फेटाळला जातो. सरकारची पूर्वपरवानगी असेल तर फौजदारी खटल्याला दोन वर्षांपर्यंत मुदत मिळते, आणि ही परवानगी मागायची सरकारकडेच. कोठडीत मारणे हे कर्तव्य नव्हेच, असा युक्तिवाद आम्ही वकील करतो आणि न्यायालये तो अनेकदा मान्यही करतात. पण तो मान्य होईपर्यंत आरोपी पोलिसाचा पहिला अर्ज मुदतीचाच असतो आणि त्या अर्जावर दोन-तीन वर्षे सहज निघून जातात. आता त्या बाईचा अर्ज पुन्हा आठवा. अधीक्षकांकडून उपविभागाकडे, तिथून ठाण्याकडे, ठाण्यातून परत वर, मग विभागीय प्राधिकरण, नोटीस, उत्तर, तारीख. सहा महिने यातच संपतात. ज्या यंत्रणेकडे तिने विश्वासाने दाद मागितली, त्या यंत्रणेत वाट पाहता पाहता तिचा न्यायालयाचा दरवाजा बंद होतो.

चित्रीकरणाचेही असेच. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की देशातल्या प्रत्येक ठाण्यात प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, निरीक्षकांची खोली अशा सगळ्या जागी आवाजासह चित्रण करणारे, रात्रीही दिसेल असे कॅमेरे हवेत आणि ते चित्रण शक्यतो अठरा महिने जपून ठेवायला हवे. कॅमेरे बऱ्याच ठिकाणी लागले आहेत. मी ठाण्यात जाते तेव्हा मला ते दिसतात. मी चित्रण मागितले की मात्र कधी ‘डीव्हीआर बंद होता’, कधी ‘स्टोरेज भरल्याने आपोआप पुसले गेले’ असे लेखी उत्तर येते. कॅमेरे चालू ठेवण्याची आणि चित्रण जपण्याची जबाबदारी ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याची. म्हणजे ज्याच्याविरुद्ध ते चित्रण वापरायचे, कपाटाची किल्ली त्याच्याच खिशात.

मला काय हवे आहे ते आता सांगते.

सर्वांत आधी प्राधिकरणाला स्वतःचे तपासनीस हवेत. बाकी सगळ्या सुधारणा एका पारड्यात आणि ही एक दुसऱ्यात घातली तरी मी हीच मागेन. प्राधिकरणाच्या अध्यक्षपदी कितीही निःस्पृह न्यायमूर्ती बसवा, त्यांच्यासमोर येणारा कागद ठाण्यातच लिहिला जाणार असेल तर त्यांचा निःस्पृहपणा वाया जातो. तपासनीसाने तक्रारदाराच्या घरी जाऊन, ठाण्यात न बोलावता, जबाब घेतला पाहिजे. त्याला ठाण्यात न सांगता शिरण्याचा, डायरी आणि कोठडी रजिस्टर जप्त करण्याचा, चित्रणाची प्रत त्याच क्षणी काढून घेण्याचा अधिकार हवा. त्याची नेमणूक, बदली आणि गोपनीय अहवाल यांत गृहखात्याचा हात नको. उत्तर आयर्लंडमध्ये, जिथे पोलिसांवरचा अविश्वास पिढ्यान् पिढ्या रक्ताने लिहिला गेला होता, २००० मध्ये पोलीस लोकपालाचे कार्यालय सुरू झाले ते स्वतःच्या तपासनीसांसह, पोलिसाचे अधिकार असलेल्या तपासनीसांसह. पोलिसाविरुद्धची तक्रार गंभीर असेल तर तपास पोलिसाकडे जात नाही. तिथे हे जमले, मग आपल्याला का जमू नये? आपल्याकडे निवृत्त तपासी अधिकारी आहेत, न्यायसहायक प्रयोगशाळा आहेत, वकील आहेत. सर्वोच्च न्यायालयाने तर मार्गही दाखवून ठेवला आहे.

तक्रार आल्यापासून चोवीस तासांच्या आत संबंधित चित्रण प्राधिकरणाच्या ताब्यात गेलेच पाहिजे, आणि ते ‘पुसले गेले’ असे उत्तर आले तर पुरावा कोणी पुसला याचा खुलासा ठाण्याने द्यायचा, तक्रारदाराने नव्हे. कलम १६१ मधली मुदत कोठडीतली मारहाण, बेकायदा डांबणे, लैंगिक अत्याचार आणि मृत्यू यांना लागू होणार नाही असे स्पष्ट लिहा. तेवढे मान्य होत नसेल तर निदान प्राधिकरणापुढे तक्रार प्रलंबित असलेला काळ मुदतीतून वगळा. २०१४ मध्ये विभागावर नेऊन ठेवलेले प्राधिकरण परत जिल्ह्यात आणा. शिफारस फेटाळायची असेल तर सरकारने कारणांसह ती दोन महिन्यांत सभागृहाच्या पटलावर ठेवावी. प्राधिकरणाच्या सचिवालयात सेवेत असलेला पोलीस अधिकारी नको. अध्यक्षपदासाठी नावे मुख्य न्यायमूर्तींकडून मागवा.

यातले बहुतेक सगळे आपल्या हातात आहे. पोलीस हा राज्यसूचीतला विषय आहे, त्यासाठी दिल्लीच्या तोंडाकडे बघायची गरज नाही.

दोन आक्षेप येतील याची मला कल्पना आहे. पहिला, पोलिसांचे मनोधैर्य खचेल. मी ज्या शिपायांची बाजू खात्यांतर्गत चौकशीत मांडते, त्यांचे मनोधैर्य कशाने खचते ते सांगते. वरिष्ठाने तोंडी सांगितलेले बेकायदा काम करावे लागते, आणि अंगाशी आले की निलंबनाच्या आदेशावर नाव शिपायाचे असते. ‘साहेबांनी सांगितलं’ हे तो सिद्ध करू शकत नाही. बारा-बारा तासांची ड्युटी, रद्द झालेली साप्ताहिक सुटी, वर ही भीती. २०१६ मध्ये मुंबईतल्या देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला, तेव्हा पोलिसांच्या घरांत झालेला आनंद खरा होता. तसाच दिलासा त्यांना स्वतंत्र तपासातून मिळेल. प्राधिकरणाकडे पोलिसालाही तक्रार करता आली पाहिजे, बेकायदा आदेश नाकारणाऱ्याला बदलीपासून संरक्षण मिळाले पाहिजे. हे दुरुस्तीत घाला. कनिष्ठ पोलीस आपले आभार मानतील.

दुसरा आक्षेप, खोट्या तक्रारींचा पूर येईल. खोट्या तक्रारी होतात, मी पाहिल्या आहेत. काही वेळा खरा आरोपीच तपासावर दबाव आणायला तक्रार करतो. पण खोटी तक्रार ओळखायलाही चांगला तपासच लागतो. आज खरी आणि खोटी दोन्ही त्याच ‘दप्तरी दाखल’च्या ढिगात जातात आणि खोट्या तक्रारीतून निर्दोष सुटलेल्या पोलिसावरही लोक विश्वास ठेवत नाहीत, कारण त्याला सोडले ते त्याच्याच खात्याने.

तक्रारदार कोण असतात तेही बघा. पारधी, वडार, कैकाडी वस्त्यांतून माझ्याकडे येणारी माणसे चोरी झाली की घर सोडून रानात जातात, चोरी कुणीही केलेली असो. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. ठाण्यातल्या संशयाच्या यादीतून या वस्त्यांची नावे अजून निघाली नाहीत. दलित, मुसलमान, आदिवासी, शहरातले फेरीवाले आणि स्थलांतरित मजूर, हे लोक आपल्या मतदारसंघांत राहतात. आपल्या जनता दरबारात ते रेशनकार्ड आणि घरकुलासाठी येतात. पोलिसांनी मारले हे सांगायला ते येत नाहीत, कारण आपल्या शेजारी अंगरक्षक उभा असतो.

कायदेमंडळाने मनावर घेतले तर कायदा बदलतो, याचा महाराष्ट्राशी जोडलेला दाखला आहे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांकडून बलात्कार झाला. तिने आरडाओरड केली नाही, अंगावर जखमा नाहीत, अशी कारणे देत सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोघा पोलिसांना निर्दोष सोडले. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये संसदेने कायदा बदलला: कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालय ते खरे धरेल. सिद्ध करण्याचा भार पोलिसाकडे गेला.

कोठडीतल्या इतर जखमांसाठी तसाच भार पोलिसांवर टाकावा, असे विधी आयोगाने १९८५ च्या ११३ व्या अहवालात सुचवले होते. माणूस धडधाकट आत गेला आणि जखमी बाहेर आला, तर जखमा पोलिसांनी केल्या असे न्यायालयाला गृहीत धरता यावे, इतकेच. २०१७ च्या २७३ व्या अहवालात आयोगाने ते पुन्हा सांगितले. भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ मध्ये सही केली, अनुमोदन आजही बाकी आहे. २०१० मध्ये लोकसभेने छळ प्रतिबंधक विधेयक मंजूर केले, पुढे ते बारगळले. ही कामे संसदेची आहेत, पण पुराव्याचा कायदा समवर्ती सूचीत येतो आणि राष्ट्रपतींच्या मान्यतेने राज्यालाही त्यात दुरुस्ती करता येते. तशी शिफारस करणारा ठराव तरी या सभागृहातून जावा.

नागपूरच्या येत्या अधिवेशनात आपल्यापैकी कुणीही, कुठल्याही बाकावरून, एक तारांकित प्रश्न विचारावा: राज्य आणि विभागीय प्राधिकरणांत किती पदे मंजूर आहेत, किती भरली आहेत, त्यांत स्वतःचे तपासनीस किती, गेल्या पाच वर्षांत किती तक्रारी आल्या, किती प्रकरणांत शिफारस झाली आणि त्यांतल्या किती शिफारशींवर प्रत्यक्ष कारवाई झाली. उत्तर कामकाजात छापून येईल तेव्हा ते माझ्यासारख्यांना न्यायालयात वापरता येईल. त्यानंतर कलम १६१ आणि प्राधिकरणाच्या कलमांतली दुरुस्ती अशासकीय विधेयक म्हणून मांडा. मसुदा करायला बसणारे वकील जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, आम्ही त्याचे मानधन घेणार नाही. आपण हाक मारा, पहिली बैठक माझ्या कार्यालयात घेते.

आपली विश्वासू,
तालुका न्यायालयात फौजदारी वकिली करणारी एक मतदार